भिजलेल्या साबुदाण्यासारखा बर्फ: सेंट हेलन्सवरचा मे महिन्यातला एक दिवस

रानजाई | सोमवार, रात्री 9.10

मागे एका धाग्यावर मी "मे महिन्यात स्कीला जाणार" असं लिहिलं होतं, तेव्हा तिघांनी विचारलं की तोवर बर्फ उरतो का. उरतो. आणि माझ्या मते वर्षातला सगळ्यात सुंदर बर्फ तोच. काल जाऊन आले. मांड्या अजून भरलेल्या आहेत, तोवर लिहून काढते.

जागा माउंट सेंट हेलन्स, वॉशिंग्टन राज्याचा दक्षिण भाग. पोर्टलंडहून गाडीने साधारण दीड तास. 18 मे 1980 ला सकाळी 8 वाजून 32 मिनिटांनी ज्याची उत्तर बाजू फुटली, 57 माणसं गेली आणि 9,677 फुटांचा डोंगर 8,363 फुटांचा झाला, तोच हा. उत्तरेकडून पाहिलं तर नुसतं भगदाड. दक्षिणेची बाजू मात्र शाबूत आहे आणि बर्फाच्या दिवसांत चढायची वाट तिकडूनच जाते. तिला वर्म फ्लोज म्हणतात. जुन्या लाव्हाचे थिजलेले ओहोळ आणि त्यांच्यामधल्या बर्फाने भरलेल्या घळी.

इथे लिफ्ट नाही, आखलेले उतार नाहीत, कुणी गस्त घालत नाही. जेवढं उतरायचं तेवढं आधी आपल्या पायांनी चढायचं. स्कीच्या तळाला एक लवदार पट्टी चिकटवतात, तिला स्किन म्हणतात. लव एकाच दिशेने झोपलेली असते, त्यामुळे पुढे सरकताना स्की घसरते आणि मागे ओढ बसली की लव बर्फात रुतून धरते. चढताना बुटाची टाच मोकळी. वर पोचलं की पट्ट्या सोलून काढायच्या, टाच पक्की बसवायची आणि उतरायचं. जाऊन-येऊन 19 किलोमीटर, चढ सुमारे 1,740 मीटर. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची 1,646 मीटर आहे, त्यावरून अंदाज करा.

आता बर्फाबद्दल, कारण सगळं त्याच्यावरच आहे. हिवाळ्यात पडणाऱ्या बर्फाचे कण चांदण्यांसारखे टोकदार असतात. वसंतात दिवसा ऊन, रात्री गोठण, परत ऊन असं रोज चाललं की टोकं विरघळतात, कण गोल आणि मोठे होतात आणि रात्री एकमेकांना घट्ट धरून बसतात. इकडे याला कॉर्न म्हणतात, म्हणजे मक्याचे दाणे. मला विचाराल तर तो साबुदाणा आहे, दिसायला आणि वागायलाही. पहाटे कोरडा, टणक. स्कीची कड लागत नाही, पाय सुटला तर माणूस कुठे थांबेल सांगता येत नाही. ऊन लागून वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर सुटला की नीट भिजलेल्या साबुदाण्यासारखा होतो: दाणा दाणा मोकळा, बोटाने दाबला की चेपणारा, आणि खाली अजून पक्की फरशी. त्यावर स्की अशी वळते की मांडीला कळतही नाही. हा वेळ कधी दीड तास मिळतो, कधी वीस मिनिटं. मग पाणी जास्त होतं. फरशी सुटते, सगळा गिचका. पाय आधी घोट्यापर्यंत जातो, मग पोटरीपर्यंत, आणि उतारावरचा ओला थर स्वतःच्या वजनाने खाली वाहायला लागतो. दिसायला हे वाहणं संथ असतं, पण तो लगदा कालवलेल्या सिमेंटसारखा जड असतो. पायांतून धरून खेचतो आणि खडकावर किंवा घळीत नेऊन टाकतो.

म्हणून या दिवसांत वरून किती वाजता निघायचं ते आधी काढायचं आणि तिथून उलटं मोजत पहाटेची वेळ ठरवायची. शिखराची वेळ त्या दोघांमध्ये बसली तर बसली.

शनिवारी रात्री मार्बल माउंटनच्या गाडीतळावर (2,700 फूट) गाडीतच झोपलो. मी, धाकटा दीर, आणि ऑफिसातली एक मैत्रीण, जी पंधरा वर्षं हे करते आहे. दोनचा गजर. बाहेर आल्यावर मी आधी वर पाहिलं. चांदण्या होत्या, पण पातळ ढगांचा पडदाही होता. तेव्हाच मनात जरा खट्टू झाले.

तीनला निघालो. पहिला तासभर स्की पाठीवर, पायांत साधे बूट, जंगलातून. वाट कधी चिखल, कधी बर्फाचे तुकडे, वर फर नावाच्या झाडांच्या सुया पडलेल्या. बर्फ सलग झाल्यावर स्किन चढवल्या, साधे बूट एका झाडाखाली पिशवीत ठेवले. झाडी संपते तिथे चॉकलेट फॉल्स नावाचा छोटा धबधबा आहे. तिथे दशमी आणि गूळ खाल्ला. उजाडताना उजवीकडे माउंट अ‍ॅडम्स, मागे दक्षिणेला माउंट हूड. हूडच्या टोकाला आधी गुलाबी रंग लागला आणि मग तो आमच्या उतारावर आला.

काल मदर्स डे होता. त्या दिवशी या डोंगरावर झगे घालून चढायची रीत आहे. 1987 मध्ये डोंगर पुन्हा चढाईला खुला झाला तेव्हा कॅथी फिब्ज नावाची गिर्यारोहक लाल झगा घालून चढली, तिच्यापासून हे सुरू झालं असं मानतात. मी आईच्या जुन्या इरकलीचा गुडघ्यापर्यंतचा परकर शिवून घेतला होता. स्कीच्या विजारीवरून नेसला. आई जाऊन तीन वर्षं झाली. तिला बर्फ कधी बघायला मिळाला नाही. या परकराबद्दल एवढंच लिहिते.

सुमारे 5,000 फुटांवर मैत्रिणीने काठी उलटी धरून मूठ बर्फात दाबली. वरचा पापुद्रा मोडला आणि खाली ओलसर लागलं. रात्री ढग होते म्हणून गोठण वरवरची झाली होती. आणखी वर पापुद्रा जाड होत गेला, म्हणून चालत राहिलो. 6,000 च्या पुढे स्की पाठीवर, बुटांना क्रॅम्पॉन म्हणजे लोखंडी काटे, हातात आइस अ‍ॅक्स.

साडेनऊला 7,600 फुटांच्या आसपास होतो. वारा पडला. इथल्या बर्फावर खडकांवरून उडालेल्या राखेचा करडा थर असतो, आणि काळपट बर्फ ऊन जास्त पितो. बूट आधी फक्त टोकाने रुतत होता, आता घोट्यापर्यंत जायला लागला. बाजूच्या काळ्या खडकाखालून बर्फाचे गोळे सुटून घरंगळत होते, आधी सुपारीएवढे, मग नारळाएवढे.

दीर म्हणाला, "वहिनी, दोनशे मीटर राहिलेत. समोर दिसतंय."

दिसत होतं. माथ्यावरच्या विवराच्या काठावरची माणसंही दिसत होती, एक पिवळा झगा ओळखू येत होता. पण आमच्या चालीने ते दोनशे मीटर म्हणजे पाऊण तास, मग वर थांबणं, स्किन काढणं, आणि अकराच्या सुमाराला परत याच उतारावर. मैत्रिणीने आम्हाला दोनच प्रश्न विचारले. आत्ता इथून उतरायला कसं वाटतंय? आणि दीड तासाने? गाडीतळावरच ठरलं होतं की तिघांपैकी एक जरी नको म्हणाला तर कारण न विचारता सगळे वळणार. मी नको म्हटलं.

खडकाआड एक सपाट जागा खणून तिथे स्की घातल्या. चढलो होतो तो आग्नेयेकडचा उतार तोवर जास्त भिजला होता. त्याच्या पलीकडे थोडा नैर्ऋत्येला कललेला एक उतार होता, ऊन तिथे उशिरा पोचलं होतं. मैत्रीण आधी गेली. तिच्या स्कीचा आवाज ऐकला आणि मला कळलं. कडक बर्फावर खरवडल्याचा आवाज येतो, गिचक्यात काहीच येत नाही. हा आवाज सुपात धान्य पाखडल्यासारखा होता.

पुढचे चारशे मीटर कसे सांगू. एक वळण घ्यायचं, ते संपायच्या आत पुढचं येतं. गुडघे आपोआप वाकतात. दाणे उडून पुढे घरंगळतात आणि ऊन त्यांच्यातून आरपार जातं. एकेकाने उतरायचं, खडकाच्या बेटावर थांबायचं, पुढच्याला हात करायचा. तिसऱ्या टप्प्याला मी थांबून मोठ्याने हसले, आणि मग रडलेही.

6,300 फुटांच्या खाली दिराच्या तिसऱ्या वळणाला एक ओला थर सुटला. आधी दाराएवढा, मग अंगणाएवढा. त्याला शिकवलं होतं तसं तो तिरपा बाजूला निघाला आणि कडेच्या उंचवट्यावर थांबला. थर शंभरेक मीटर वाहत घळीत जाऊन पडला. त्याला काही झालं नाही. बराच वेळ कुणी बोललं नाही.

त्याखाली गिचकाच. मेलेल्या पायांनी एकला गाडीपाशी पोचलो. आमच्या मागून कितीतरी जण वर गेले होते, तेही आपापले नीट उतरून येत होते, हेही नोंदवते.

भटक्या_नाशिककर | सोमवार, रात्री 10.35

ताई, दोनदा वाचलं. पण दोनशे मीटर! अलंग-मदन-कुलंग करताना मदनच्या कातळापाशी पाऊस आला म्हणून मी परतलोय, ती सल सहा वर्षं आहे. तुला नाही का वाटत? माणसं वर गेली आणि परत आली, मग तुमचा निर्णय चुकला असं नाही का होत? भांडायचं म्हणून विचारत नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

धुकं | सोमवार, रात्री 11.50

मी सिअ‍ॅटलला असतो आणि काल तिथेच होतो. पिवळा झगा आमच्या गटातलाच.

रानजाई, लेख मनापासून आवडला, पण एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. आम्ही पावणेअकरापर्यंत काठावर होतो, सव्वाअकराला स्की सुरू केली. वरच्या दोनशे मीटरला पश्चिमेचा वारा होता आणि पृष्ठभाग शेवटपर्यंत थंड राहिला. तुम्ही होतात त्या खडकाच्या आडोशाला वारा लागत नाही, त्यामुळे तिथला बर्फ वरच्यापेक्षा आधी खराब होतो. एका जागेवरून सगळ्या उताराचा अंदाज काढला असं मला वाटतं.

ढगांबद्दल मात्र अगदी बरोबर. निरभ्र रात्री बर्फातली उष्णता थेट आकाशात निघून जाते, त्यामुळे हवा शून्याच्या तीन-चार अंश वर असली तरी पृष्ठभाग गोठतो. ढग आले की ते गोधडीसारखे ती उष्णता परत देतात. म्हणून मी नुसतं तापमान बघत नाही, रात्रीचे ढगही बघतो. हिमस्खलनाचे रोजचे अंदाज वसंतात बंद होतात, त्यानंतर हे ज्याचं त्यानेच करायचं असतं.

जाणाऱ्यांसाठी आणखी एक. काठावर जो बर्फ दिसतो तो पुष्कळदा विवराच्या आत अधांतरी लोंबत असतो, आणि वर उभं राहून ते कळत नाही. तो तुटून इथे माणसं गेली आहेत. आम्ही काठापासून चांगले लांब बसलो. विवर बघायच्या मोहाने पुढे जाणारे कालही होते.

रानजाई | मंगळवार, सकाळी 7.05

@धुकं, वाऱ्याचं तुमचं म्हणणं मान्य. वरचा उतार चांगला असणार हे आता पटतंय. पण मला वरच्याची काळजी नव्हती. वर कितीही छान असलं तरी परत 6,300 च्या त्याच पट्ट्यातून यायचं होतं, आणि तो साडेदहालाच सुटत होता. तुम्ही बाराच्या सुमाराला तिथून कसे उतरलात?

@भटक्या, सल आहे. काल रात्री झोप लागेना, तो पिवळा झगाच दिसत होता. निर्णय चुकला का, ते मला माणसं परत आली यावरून ठरवता येत नाही. पन्नास जण उतरून आले तर त्या दिवशी पन्नास जण उतरून आले एवढंच कळतं. मला दिसत होतं ते घोट्यापर्यंत जाणारा बूट आणि नारळाएवढे गोळे. त्यावर मी परत तेच ठरवेन. मदनच्या पावसाबद्दल तूही तेच ठरवशील, बघ.

धुकं | मंगळवार, सकाळी 8.20

खरं सांगतो, त्या पट्ट्यात आम्ही स्की केली नाही. घळीच्या मधल्या उंचवट्यावरून, खडकाखडकातून, अर्धं चालत उतरलो. सव्वा तास गेला. म्हणजे माथा मिळाला आणि तुमचे ते चारशे मीटर आमचे गेले. काठावर जाण्याबद्दल माझं मत तेच आहे, पण हे सांगायला हवं होतं.

बेसाल्ट | मंगळवार, दुपारी 1.15

स्कीतलं कळत नाही, दगडातलं थोडं कळतं. सह्याद्रीचा लाव्हा पातळ होता, लांबवर पसरला, थरावर थर बसला, म्हणून आपल्याकडे पायऱ्यांसारखे कडे आणि सपाट माथे. सेंट हेलन्सचा बराचसा लाव्हा चिकट. त्यात वायू कोंडतो, म्हणून शंकू उभा राहतो आणि कधीतरी फुटतो. पण त्याच्याच दक्षिण पायथ्याला एप केव्ह नावाची लाव्हाची नळी आहे, ती बेसाल्टची. परत गेलात तर पाहून या, भिंतीला हात लावल्यावर घरच्यासारखं वाटेल.

रानजाई | मंगळवार, दुपारी 1.40

शंकूचा एक परिणाम आम्हालाही भोगावा लागतो. वरून उतरताना दहा मीटर इकडेतिकडे झालं तर खाली त्याचा किलोमीटर होतो आणि माणूस भलत्याच घळीत उतरतो. चढताना फोनवर आपला माग उमटत ठेवायचा आणि उतरताना दर टप्प्याला बघायचा.

अंगणातली_तुळस | मंगळवार, संध्याकाळी 6.30

मी सांगलीला असते. माझी लेक कोलोराडोत आहे, तीही असलं करते. फोनवर "सांभाळून जा" म्हटलं की तिला राग येतो, आणि नाही म्हटलं तर मला झोप लागत नाही. तुमचं वाचून पहिल्यांदा कळलं की ती पहाटे दोनला का उठते. मला वाटायचं थंडीत रात्री जायचं हा हट्ट आहे. तिला काय विचारू, म्हणजे तिला टोचणार नाही आणि मलाही काही कळेल?

रानजाई | मंगळवार, रात्री 8.55

काकू, तिला विचारा, "किती वाजता वळणार?" शिखर कधी गाठणार असं नका विचारू. ती वेळ तिने ठरवली असेल तर ती लगेच सांगेल, आणि सांगताना तिला बरं वाटेल की आईला कळतंय. नसेल ठरवली तर तुमच्या प्रश्नाने ठरवेल. सोबत कोण आहे, आणि सगळ्यांकडे बीकन, फावडं आणि शोधायची काठी आहे का, हे दुसरं. बीकन म्हणजे बर्फाखाली गाडलं गेलेल्या माणसाचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र. सगळ्यांकडे असेल तरच उपयोग, एकट्याकडे असून नाही.

अंगणातली_तुळस | मंगळवार, रात्री 9.20

वळणार. हाच शब्द लिहून ठेवते.

गुलमर्गची_पायवाट | बुधवार, सकाळी 10.10

भारतात राहून शिकायचं असेल त्यांच्यासाठी: गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, मनालीला अटल बिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था आहे, दोन्हीकडे स्कीचे अभ्यासक्रम होतात. मी गुलमर्गला शिकलो. पण रानजाईंनी लिहिलंय तसला डोंगर त्यानंतर लगेच करू नका. आखलेल्या उतारांवर दोन हिवाळे घालवा. पाठीवर ओझं घेऊन, थकलेल्या पायांनी, कसल्याही बर्फावर वळता आलं पाहिजे, तेव्हा जा.

आणि तोंडाला मलम. हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या आत. ऊन बर्फावरून परतून खालून येतं. मी एकदा विसरलो आणि आठवडाभर गरम चहा पिता आला नाही.

पहिलाहिवाळा | गुरुवार, रात्री 10.45

माझ्याकडे या रविवारचं परमिट आहे. 4,800 फुटांच्या वर परमिट लागतं आणि एप्रिलपासून रोज किती माणसं जाणार ते ठरलेलं असतं, म्हणून ते कधीपासून जपून ठेवलंय. आखलेल्या उतारांवर माझे चार हिवाळे झालेत, हिमस्खलनाचा प्राथमिक वर्ग केलाय. सोबत दोन मित्र. वळायची वेळ दहा ठरवली आहे. शनिवारी रात्री ढग दाखवतायत. काय करू?

रानजाई | गुरुवार, रात्री 11.15

जाऊन गाडीतळावर झोपा. दोनला उठल्यावर बर्फावर बूट दाबून बघा. वर आणखी गोठलेलं असेल अशी आशा मीही केली होती, आणि ती अर्धीच खरी ठरली. तळालाच रुतला तर वर तासभर चालून फार काही बदलत नाही, आणि तेवढ्यात माणूस चढायच्या नादाला लागतो.

धुकं | शुक्रवार, सकाळी 6.40

हेच. आणि थर्मामीटरवर चार अंश दिसले तरी आकाश स्वच्छ असेल तर आशा सोडू नका.

पहिलाहिवाळा | रविवार, सकाळी 5.50

कूगर गावात बसून लिहितोय. दोनला उठलो. एकही चांदणी नाही, बारीक भुरभुर. तरी झाडीतून वर गेलो, सलग बर्फ लागेपर्यंत. बूट दाबला तर सरळ नडगीपर्यंत गेला. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मित्र म्हणाला, परमिटचं काय? मी काही बोललो नाही, फक्त पाय बाहेर काढला. बुटात पाणी होतं.

आता गाडीत डबा उघडलाय. बायकोने साबुदाण्याची खिचडी दिली आहे. ती मोकळी झाली आहे.